रिकाम्या खुर्चीचे भाडे

गेल्या रविवारी विहाराच्या ओट्यावर आमच्या चाळीतील एक ज्येष्ठ बंधू भेटले. त्यांचा मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. त्याने आई-वडिलांना बोलावले आहे आणि तो फोनवर विचारतो आहे, की तिकडे मोठ्या विमानातून उतरल्यावर पुढे जे छोटे विमान घ्यायचे, त्याचे तिकीट बिझनेस क्लासचे काढू का? "तुम्ही आईंना घेऊन तसे बसला होता ना? मग सांगा, काढू द्यावे की नको?"

आम्ही त्यांना उभ्या उभ्या काहीतरी उत्तर दिले, पण ते अर्धवट झाले. आपल्या घरांतील मुले-मुली आता परदेशी जाऊ लागली आहेत. हा प्रश्न उद्या आणखी कुणाच्या घरी येईल. म्हणून ती हकिगत थोडी सविस्तर सांगतो.

गोष्ट २०१७ च्या जुलै महिन्यातील आहे. आमची धाकटी बहीण इंग्लंडात ब्रिस्टल शहरी नर्स आहे. तिच्या बाळंतपणासाठी आई एप्रिलात जावईबापूंबरोबर गेली होती. तिला परत आणण्यासाठी आम्ही साठवलेली रजा काढून पंधरा दिवस गेलो. परतीचा मार्ग ब्रिस्टलहून ॲमस्टरडॅम आणि तेथून मुंबई असा होता. तेव्हा ॲमस्टरडॅमहून मुंबईला जेट एअरवेजचे विमान येत असे. ती कंपनी २०१९ साली बंद पडली.

निघण्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बहिणीच्या मोबाईलवर निरोप आला, की ब्रिस्टल ते ॲमस्टरडॅम एवढ्या टप्प्यापुरते जादा पैसे भरलेत तर पुढे बिझनेस क्लासमध्ये बसता येईल. तिने आम्हाला न विचारता दोघांचे पैसे भरले. एकूण २१० पौंड. पौंडाला तेव्हा साधारण त्र्याऐंशी रुपये पडत. आम्ही पडलो बी. कॉम., आणि बावीस वर्षे वसुलीच्या टेबलावर काढलेला माणूस. सतरा हजार चारशे तीस हा आकडा आमच्या डोक्यात जेवणाचे ताट समोर असतानाच तयार झाला.

आम्ही बोललो, आणि जरा जास्तच बोललो. सव्वा तासाचा प्रवास. अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या मुंबई-नांदेडपेक्षा थोडे कमीच. त्यानंतरचे आठ-साडेआठ तास मात्र मुंबईपर्यंत साध्या तिकिटावर, अंग चोरून बसायचे! पैसे टाकायचेच होते तर त्या लांबच्या टप्प्यावर टाकायचे होते, कारण तिथे बिझनेस क्लासात खुर्चीचा पलंग होतो. अर्थात त्याला याच्या कित्येक पट रक्कम लागली असती, हेही आम्हाला ठाऊक होते. पण रागात माणूस सोयीचेच आकडे घेतो.

बहीण बाळाला मांडीवर घेऊन ऐकत होती. मग म्हणाली, "दादा, तुझं बी. कॉम. तुझ्याजवळ ठेव. मी आईचा डबा घेऊन जायचे तेव्हा आई कुठं बसून जेवायची, ते तू पाहिलंस का कधी?"

आम्ही पाहिले नव्हते. डबा पोचविण्याचे काम तिचे होते. आई एका मोठ्या इस्पितळात एकतीस वर्षे आया होती. वॉर्डात सिस्टरांच्या टेबलापाशी खुर्च्या असत, बाक असे, परंतु आयांनी त्यावर बसायचे नाही असा तिथला रिवाज होता. कागदावर कुठेच नव्हता, पण होता. आई दाराशेजारी जमिनीवर फतकल मारून जेवायची. त्याच वॉर्डाकडे पाहत पाहत धाकटीने नर्स व्हायचे ठरवले.

आम्ही गप्प बसलो. तरी रात्री डायरीत 'अनावश्यक खर्च' या सदराखाली ती रक्कम मांडलीच. सवय.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर निरोपाचा प्रसंग झाला. आईने नातवाच्या तळपायाचे मुके घेतले, लेकीच्या कपाळावरून हात फिरवला आणि पाठ फिरवली ती पुन्हा वळून पाहिले नाही. त्या दोघींची तीच शेवटची प्रत्यक्ष भेट ठरली. २०२० च्या जूनमध्ये आई गेली, तेव्हा मार्चपासून परदेशची नेहमीची विमाने बंद होती. धाकटीने अंत्यविधी मोबाईलच्या पडद्यावर पाहिला.

आता विमानाकडे वळतो, कारण बंधूंनी विचारले आहे ते त्याबद्दल.

आईचे दोन्ही गुडघे गेलेले होते. म्हणून धाकटीने तिकिटाच्या वेळीच चाकाच्या खुर्चीची मागणी नोंदवून ठेवली होती. ब्रिस्टलला दारापाशी एक पोरगेला गोरा मुलगा खुर्ची घेऊन आला. त्याने आईला तपासणीतून नेले आणि ज्या दोन-चार जणांना जिना चढता येत नव्हता त्यांच्याबरोबर एका ट्रकमध्ये बसविले. त्या ट्रकवर एक छोटी खोली असते. विमानाच्या दाराशी ट्रक लागला, की खोली अलगद वर उचलली जाते आणि दाराच्या पातळीला येऊन थांबते. आई अशी सगळ्यांच्या आधी विमानात पोचली, आणि तिचा सोबती म्हणून आम्हीही. बिझनेस क्लासचे बाकीचे प्रवासी आमच्या मागून, पायी, जिना चढून आले.

यासाठी एक पेनीही द्यावी लागली नाही. आम्ही त्या मुलाच्या हातावर काही ठेवू लागलो तर त्याने हसून मान हलवली. ही मेहेरबानी नव्हे, कायदा आहे. युरोपियन युनियनचा २००६ सालचा ११०७ क्रमांकाचा नियम सांगतो, की अपंग किंवा वयामुळे चालता न येणाऱ्या प्रवाशाला विमानतळावर व विमानात चढता-उतरताना मदत मिळालीच पाहिजे आणि तिचे पैसे त्याच्याकडून घेता येणार नाहीत. तिकीट स्वस्तातले की महागातले, हा प्रश्नच येत नाही. ब्रिटन २०२० साली युनियनमधून बाहेर पडले तरी हा नियम त्यांनी आपल्याकडे ठेवला. फक्त अट अशी, की किमान ४८ तास आधी कळवावे. आयत्या वेळीही मदत करण्याचा प्रयत्न त्यांनी करायचा असतो, पण तोपर्यंत म्हातारे माणूस ताटकळते. वाचकांनी हा परिच्छेद कापून ठेवला तरी चालेल.

विमान होते फोकर ७०. ऐंशी खुर्च्यांचे, बुटके, शेपटीजवळ दोन्ही कुशींना एकेक इंजिन. वीस वर्षांचे जुने. आमच्या आधीच्या पिढीला फोकर हे नाव चांगले परिचयाचे. इंडियन एअरलाइन्सकडे पंख्याची फोकर फ्रेंडशिप विमाने होती, आणि १९७१ च्या जानेवारीत पळवून लाहोरला नेलेले 'गंगा' विमान फोकर फ्रेंडशिपच होते. ही कंपनी डच. तिचा संस्थापक अँथनी फोकर १८९० साली जावा बेटावर जन्मला, कारण तेव्हा ते बेट डचांच्या ताब्यात होते. कंपनीने दुनियेला विमाने विकली आणि १९९६ च्या मार्चमध्ये दिवाळे काढले. फोकर ७० जातीची विमाने पन्नासच्या आतच बनली. केएलएम ही डच विमान कंपनी १९२० पासून फोकर वापरत होती. तिने शेवटचे फोकर ७० चालवले ते २८ ऑक्टोबर २०१७ ला. म्हणजे आम्ही बसलो तेव्हा त्या जातीचे तीन-साडेतीन महिनेच उरले होते. आम्हाला त्यावेळी याची कल्पना नव्हती. ॲमस्टरडॅमच्या बसमध्ये एका सहप्रवाशाने सांगितले. तो केवळ हे विमान संपण्याआधी एकदा बसावे म्हणून निघाला होता. हौसेला मोल नाही.

एक गोष्ट मात्र आम्हाला आधी ठाऊक होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात वर्तमानपत्रात आले होते, की नेदरलँड्सचे राजे विलेम-अलेक्झांडर महिन्यातून दोनदा या फोकर ७० वर सहवैमानिक म्हणून बसतात, आणि हे वीस वर्षांहून जास्त काळ चालले आहे. प्रवाशांना पत्ता नसतो. ध्वनिक्षेपकावरून स्वागत करताना ते स्वतःचे नाव सांगत नाहीत, कॅप्टनच्या वतीने बोलतात. पुढे त्यांनी मोठे बोइंग ७३७ चालविण्याचे शिक्षण घेतले. हे आम्ही आईला सांगितले. आई म्हणाली, "राजा गाडी चालवतो? मग त्येच्या घरी कोन बसतं?" नंतर पुढून पुरुषाचा आवाज आला तेव्हा तिने आमच्या गुडघ्यावर चापट मारली. "ह्योच." आम्ही तिला शेवटपर्यंत ते नाही असे सांगितले नाही. नसेलच, असेही सांगता येत नव्हते.

आता बिझनेस क्लास. आम्ही पाहिले ते सांगतो. त्या विमानात एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला तीन खुर्च्यांची रांग होती. सगळ्या खुर्च्या सारख्या. तोच निळा रंग, तीच रुंदी. आम्ही तीनच्या बाजूला होतो. आई खिडकीशी, आम्ही वाटेच्या कडेला, मधली खुर्ची रिकामी.

विमानाचे दार लागले तरी ती खुर्ची रिकामीच. आई दोनदा मागे वळून बघून घेती झाली. मग हळूच म्हणाली, "ह्या मानसाची गाडी चुकली वाटतं. त्येंना सांग की जरा थांबा म्हनावं."

आम्ही तिला समजावून सांगितले, की ही खुर्ची कुणाची नाही. ती मुद्दाम रिकामी ठेवली आहे. आपण जादा पैसे भरले ते याच रिकाम्या जागेचे. आईला पटेना. सात माणसे दहा बाय बाराच्या खोलीत झोपविलेली बाई ती. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट मिळाली, तर ती अर्ध्या मांडीवर टेकून डोंबिवलीपर्यंत सुखाने येत असे. इथे तिघांच्या जागी दोघांनी बसायचे, आणि न बसलेल्याचे भाडे भरायचे! "रिकाम्या जागेचं बी पैसं?" एवढेच म्हणाली, आणि आपली कापडी पिशवी त्या खुर्चीवर ठेवली. ती हवाईसुंदरीने लगेच उचलून वरच्या कप्प्यात घातली. रिकाम्या खुर्चीवरसुद्धा आपला पूर्ण हक्क नव्हता, निदान विमान वर चढेपर्यंत तरी.

युरोपातल्या छोट्या पल्ल्याच्या बहुतेक विमानांत असाच प्रकार असतो, असे धाकटीने नंतर सांगितले. वेगळी खुर्ची नसते. शेजारची रिकामी असते आणि एक पडदा असतो. पुढच्या वर्गाची जेवढी तिकिटे खपली असतील तेवढ्या रांगा धरून पडदा पुढेमागे सरकवतात. आज जी सहावी रांग मागच्या वर्गाची, ती उद्या पुढच्या वर्गाची. खुर्चीत काहीच बदल होत नाही. लोकलच्या फर्स्ट क्लासची जाळी निदान जागची हलत नाही.

त्या पडद्यावरूनच आईची खरी घालमेल झाली. विमान वर चढले, पट्टा सोडण्याची खूण झाली, आणि हवाईसुंदरीने आमच्या मागच्या रांगेपाशी येऊन सर्रकन पडदा ओढला. आई दचकली. माझा दंड धरून म्हणाली, "मागं कुनी शिरीयस झालं का रं?"

क्षणभर आम्हाला अर्थ लागला नाही. मग लागला. तिच्या वॉर्डात पलंगाभोवती पडदा ओढीत तो त्याच वेळी. आत डॉक्टरांची धावपळ चाले, आणि पडदा उघडला की बहुतेक वेळा आयांना चादरी बदलण्यासाठी हाक येई. एकतीस वर्षे तिने पडद्याचा तेवढाच अर्थ पाहिला होता. ती पट्टा सोडून उठायच्या बेतात होती. "मी बघते, मला येतं," म्हणत होती. आम्ही तिला सांगितले, की कुणालाही काही झालेले नाही. मागचे लोक सुखरूप आहेत. हा पडदा फक्त पुढचे आणि मागचे वेगळे दिसावेत म्हणून आहे.

आईने यावर काहीच म्हटले नाही. खिडकीकडे तोंड केले. बऱ्याच वेळाने विचारले, "आन् मागून पुढं यायचं न्हाय?" आम्ही म्हटले, "नाही." "पुढच्यांनी मागं?" "ते चालतं." ती पुन्हा खिडकीकडे वळली. खाली इंग्लंडची शेते संपून समुद्र लागला होता.

जेवण आले. एका छोट्या ताटात थंड पदार्थ: पाव, लोणी, चीज, कसलासा पाला, आणि धुरी दिलेला नारिंगी मासा. आईने तो काट्याने उचलून पाहिला. "कच्चाच हाय." तिने तो आमच्या ताटात सरकवला आणि पाव-चीज खाल्ले. चीजचे एक वेष्टण न उघडता पदराला बांधले. मागे सँडविच आणि चहा दिला, हे आम्ही पडद्याच्या फटीतून पाहिले. आम्हाला विचाराल तर ते सँडविच बरे दिसत होते. पण एक गोष्ट पुढे बसल्याने खरोखर मिळते, ती इमानाने सांगितली पाहिजे. या विमानाची इंजिने शेपटीजवळ, त्यामुळे पुढच्या रांगांत आवाज फारच कमी. आई दहा मिनिटे डोळे मिटून शांत बसली. तीन महिने रात्री-अपरात्री बाळासाठी उठलेले माणूस. तिचा एक हात मधल्या रिकाम्या खुर्चीवर, तळवा वर करून, पसरलेला होता.

ॲमस्टरडॅमला उतरलो. विमान मुख्य इमारतीपासून लांब उभे राहिले. पडदा उघडला. पुढचे आणि मागचे सगळे एकाच जिन्याने खाली जाऊन एकाच बसमध्ये दाटीवाटीने उभे राहायचे होते. मदत लागणाऱ्यांना मात्र सर्वांत शेवटी उतरवतात. त्यांची गाडी यायची असते. म्हणून आई पुढच्या रांगेतल्या आपल्या खुर्चीवर बसून राहिली आणि अख्खे विमान तिच्यासमोरून गेले.

आईला वाटले, हे लोक आपल्याला भेटायला येत आहेत. किंवा तिला काय वाटले ते सांगता येणार नाही. ती हात जोडून प्रत्येकाला "जयभीम" म्हणू लागली. पहिले दोघे-तिघे गोंधळले. मग एक उंच म्हातारा थांबला, वाकला, आणि त्याने हात जोडून आपल्या भाषेत काहीतरी म्हटले. त्याच्या मागची बाई हसली आणि तिनेही हात जोडले. रांग खोळंबली. कडेवरच्या एका पोरीने हात जोडायचे सोडून आईच्या कपाळाला बोट लावले. आईने पदराची गाठ सोडून तिला चीज दिले.

विमान रिकामे झाले. ट्रक यायला अवकाश होता. आम्ही उठून मागे गेलो आणि बाराव्या रांगेत खुर्चीपासून पुढच्या खुर्चीच्या पाठीपर्यंतचे अंतर वितीने मोजले. मग पुढे येऊन आमच्या रांगेतले मोजले. बोटाचाही फरक नव्हता. हवाईसुंदरी बघत होती. आम्ही तिला म्हटले, हिशेब तपासतो आहोत.

पुढचे साडेआठ तास मुंबईपर्यंत कसे गेले ते लिहिण्यासारखे नाही. आईच्या एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला एक जाडजूड गृहस्थ. मधली खुर्ची आईची.

हे सारे आम्ही त्या बंधूंना पुन्हा जाऊन सांगितले. फोकर ७० आता केएलएमकडे नाहीत. त्यांच्या जागी एंब्राएरची विमाने आहेत, दोन्ही बाजूंना दोन-दोन खुर्च्यांची, म्हणजे मधली खुर्ची हा प्रकारच त्यांत नाही. मुलाला म्हणावे, आई-वडिलांच्या गुडघ्यांसाठी मदतीची मागणी तिकीट काढतानाच नोंदव, ती फुकट आहे. पाय लांब करण्यासाठी म्हणून पैसे भरणार असशील तर छोट्या विमानावर भरू नकोस, तिथे पाय लांब होत नाहीत.

त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "मग तुमचे ते सतरा हजार वाया गेले म्हणायचे?"

घरी येऊन आम्ही २०१७ ची डायरी काढून पाहिली. ती रक्कम 'अनावश्यक खर्च' या सदराखाली आहे. हिशेबात खोडाखोड चालत नाही, म्हणून ती तिथेच राहू दिली आहे.